घरात न घेतलेलं नाव

सोलापूरची थंडी ती काय! संक्रांतीच्या आगेमागे पहाटे जरा अंगात शिरते आणि दुपारी पुन्हा ऊन डोक्यावर येऊन बसतं. पण तेवढ्याशा थंडीत ज्वारी हुरड्यात येते आणि आमच्या अक्कलकोट रस्त्यावर जिकडेतिकडे हुरड्याच्या पाट्या लागतात. परवा सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला निघाले, तर कुंभारीच्या फाट्यावर एक बाई पोतं अंथरून कोवळी कणसं विकायला बसली होती. माझ्या पुढच्या स्कूटरवाल्याने थांबून भाव विचारला. मी मान दुसरीकडे वळवली. गोवरीच्या धुराचा वास मला आठवायलासुद्धा नको असतो. सगळ्या जिल्ह्याच्या तोंडाला ज्या दिवसांत पाणी सुटतं, त्या दिवसांची मला भीती वाटते. हे मी फारसं कुणाला सांगत नाही, कारण हुरड्याला भिणारी बाई म्हणजे आमच्याकडे हसण्याचाच विषय.

त्याच संध्याकाळी वळसंगहून महादेवीताईंचा फोन आला. या माझ्या नणंद. त्यांची ज्वारी कोरडवाहू आहे आणि जीभ बारमाही बागायती. "वैनी, ज्वारी हुरड्यात आलीया. रविवारी समदी या. आन् यंदा पोरीला घिऊन यायचं, दरसालावानी बघते-बघते करू नगा," असं त्यांनी एका दमात सांगितलं. मी 'बघते' म्हटलं. फोन ठेवून वळले, तर माझी पाच वर्षांची लेक नीला खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून वायरीवर बसलेले होले बघत होती. माझं फोनवरचं बोलणं, कुकरची शिट्टी, शेजारच्या घरातला टीव्ही, यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नसावं असं वाटत होतं. तिला हाक मारावी असं मनात आलं. मग वाटलं, नको. तिने वळून पाहिलं नाही तर आजची संध्याकाळ त्यातच जाईल.

तिला मी पहिल्यांदा भ्याले ते महादेवीताईंच्या शेतातच. तेव्हा नीला सव्वादोन वर्षांची होती. बांधावरच्या लिंबाखाली आगटी पेटवली होती, म्हणजे जमिनीत खड्डा घेऊन त्यात गोवऱ्यांचा विस्तव. कणसं खुपसायची, भाजली की काढायची, गरम गरम तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून फोलपटं उडवायची. दाण्यांबरोबर शेंगाचटणी, गूळ, घट्ट दही. सगळ्यांचे हात काळे, नाकं वाहती, आणि कोण कुणाची चेष्टा करतंय याला सुमार नव्हता. नीला माझ्या मांडीवरून कधी उतरली ते मला कळलं नाही. पाहिलं तेव्हा ती आगटीकडे निघाली होती. निवांत निघाली होती, घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत जावं तशी.

"नीला," कुणीतरी म्हणालं. मग दुसऱ्या कुणीतरी. मग सगळेच ओरडायला लागले. भाजशील गं, मागं हो, नीला, ए नीला. एवढी माणसं एवढ्या जोरात ओरडत होती की बांधावरची कुत्री उठून उभी राहिली. नीला वळली नाही. तिचा खांदासुद्धा हलला नाही. महादेवीताईंनी झेप घेऊन तिला कमरेला धरून उचललं, तर त्यांच्या हातातूनही ती धुराकडेच बघत राहिली. तिला कळलंच नव्हतं की एवढा गोंधळ तिच्यासाठी चालला होता.

महादेवीताईंच्या सासूबाई जवळच बसून कणीस चोळत होत्या. त्यांनी हातावरच्या दाण्यांवर फुंकर मारली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "ऐकू येत न्हाय काय वो पोरीला?"

त्यांच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. उत्तराचीही त्यांना घाई नव्हती. पण त्या वाक्यानंतर मी हुरडा खाल्ला की नाही, परत येताना कुठल्या वाटेने आलो, हे मला आठवत नाही. आठवते ती अशी भीती, जी आपल्या पोटी जन्मलेल्या जिवाची वाटते, म्हणून तिची लाजही वाटते.

प्रत्येक घराकडे उशिरा बोललेला एक मामा असतो. तो चार-पाच वर्षांचा होईपर्यंत मुका असतो आणि नंतर आयुष्यभर कुणाला बोलू देत नाही. त्या आठवड्यात मला असे किती तरी मामा ऐकायला मिळाले. शेजारच्या काकूंचा मामा तर म्हणे पुढे वकील झाला. मुली लवकर बोलतात, पण एखादी बापावर जाते. घरात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा असल्या की पोर गोंधळतं. दात उशिरा आले म्हणून बोलणंही उशिरा येणार. उचलली जीभ लावली टाळ्याला! पण मी ते सगळं हावरेपणाने ऐकत होते, कारण त्यातलं एखादं तरी खरं असावं असं मला फार वाटत होतं.

घरी मी चोरून परीक्षा घ्यायला लागले. नीला पाठमोरी बसलेली असताना ताटावर उलथनं आपटायचं. टाळी वाजवायची. एकदा तिच्या मागे पितळी झाकण फरशीवर टाकलं, तर शेजारच्या काकू काय झालं म्हणून धावत आल्या आणि नीला जागची हलली नाही. मी संडासात जाऊन रडले. त्याच दुपारी स्वयंपाकघरात मी बिस्किटाचा पुडा फोडला. कागदाचा अगदी बारीक आवाज झाला आणि नीला बाहेरच्या खोलीतून धावत आली. मी तो पुडा हातात धरून तशीच उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता. पण झाकण ऐकू आलं नाही आणि कागद ऐकू आला, याचा अर्थ काय लावायचा हे मला कळेना, आणि मी आधीपेक्षा जास्त घाबरले.

अंगणवाडीच्या ताईंनी नीलाचं वजन करता करता सांगितलं की जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांसाठी एक केंद्र आहे, तिथे दाखवा, आधी कान तपासतील. कानाची ती तपासणी मूल झोपलेलं असतानाच होते. म्हणून सूचना अशी की पोरीला पहाटे उठवा आणि येताना अजिबात झोपू देऊ नका. एरवी तिला झोपवताना आमच्या नाकी नऊ यायचे. त्या सकाळी मात्र कुंभारीहून निघालेल्या बसमध्ये तिचे डोळे मिटायला लागले आणि मी तिला गुदगुल्या करत होते, ओला रुमाल तोंडावरून फिरवत होते, खिडकीतून म्हशी दाखवत होते. पुढच्या सीटवरच्या बाई माझ्यावर चिडल्या. "झोपू द्या की लेकराला. काय वैर हाय का तिच्यासंगं?" त्यांना काय सांगणार? दवाखान्यात रांग मोठी होती. नीला बाकावर गाढ झोपली, आणि आमचा नंबर आला तेव्हा टक्क जागी होऊन दिव्याकडे बघत बसली. तपासणी झाली नाही. पुढच्या खेपेला पुन्हा तीच पहाट, तीच बस, तोच ओला रुमाल. तेव्हा झाली.

कान उत्तम आहेत असं कळलं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गल्लीत पेढे वाटले. सूतगिरणीत यंत्रांच्या आवाजात त्यांचं आयुष्य गेलं, त्यांचे स्वतःचे कान अर्धे गेलेले, त्यामुळे नातीचे कान शाबूत आहेत याचं त्यांना फार अप्रूप होतं. मी पेढा तोंडात धरून बसले. बहिरेपण असतं तर त्याला यंत्र होतं, खुणांची भाषा होती, निदान माणसांना सांगायला एक शब्द होता. आता ती ऐकत होती आणि तरी वळत नव्हती. मग ती कुठे होती?

केंद्राच्या दारावर लांबलचक नावाची पाटी आहे, पण सगळे त्याला 'बारक्या पोरांचं सेंटर' म्हणतात. आत एक खोली, खाली जाड गाद्या, एक मोठा रबरी चेंडू, छताला टांगलेला झोका. बाहेर एक बाक. त्या बाकावर सोलापूरच्या सगळ्या भाषा बसलेल्या असायच्या. यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या बायका आपसात तेलुगूत बोलायच्या, मी मराठीत, कुणी कानडीत. पण मूल आत गेलं आणि दरवाजा बंद झाला की सगळ्या एकाच प्रकारे गप्प व्हायच्या. माझ्या शेजारी रेहाना बसायची. तिचा मुलगा चार वर्षांचा होता, चालायला नुकता लागला होता, आणि ती माझ्या आधीपासून तिथे येत होती. ती निर्भीडपणे सगळ्यांचे डबे उघडून बघायची आणि माझी शेंगाचटणी कमी तिखट आहे म्हणून मला नावं ठेवायची. एकदा मी डबा न उघडताच बसलेली तिने पाहिली. मी म्हटलं, मला इथे यायची भीती वाटते.

ती म्हणाली, "डर मेरेकु बी लगता. उसकु घर में छोड़ने बैठी तो बच्चा बी घर में रह जाता. डर कु साथ लेके आनेका, पन आनेका."

मी तिला माझी चटणी दिली आणि तिने ती पुन्हा फिकी ठरवली.

बोलायला शिकवणाऱ्या मॅडम तरुण होत्या आणि सगळ्या आयांना नुसतं 'आई' म्हणायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी नीलाला चेंडूशी खेळू दिलं आणि मला दाराजवळ उभं केलं. म्हणाल्या, आई, तिला नावाने हाक मारा. मी म्हटलं, "ए बाळा." त्या म्हणाल्या, नावाने. मी म्हटलं, "पुट्टी." आमच्याकडे कानडीत लहानगीला पुट्टी म्हणतात. मॅडमनी वही बाजूला ठेवली. नाव काय तिचं? नाव माझ्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. मॅडमना वाटलं मी लाजते आहे.

नीलव्वा हे माझ्या सासूबाईंचं नाव. नीलाच्या जन्माआधीच त्या गेल्या. आमच्यात पहिल्या नातीला आजीचं नाव ठेवतात, आणि थोरांचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नसतं. नवऱ्याचंही घ्यायचं नसतं. शिवानंद हे नाव मी इथे लिहू शकते, पण घरात अजून 'अहो'च आहे. बारशाला चुलत आत्याबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं, की पोरीवर तू कधी रागावशील, कधी धपाटा घालशील, आणि नाव घेऊन रागावलीस की तो राग त्या गेलेल्या माउलीला लागेल. म्हणून तू आपलं बाळ म्हण. मला ते गोडच वाटलं होतं. शिवानंदच्या आईचं नाव, म्हणून तो लेकीला 'अव्वा' म्हणायचा, म्हणजे आई. मामंजींनी तर बायकोला जन्मभर 'ऐकलंस का' याशिवाय कधी हाक मारली नव्हती. ते नातीला कुठून नीला म्हणणार? पाळण्यात महादेवीताईंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं, तेवढंच. त्यानंतर पाहुणे म्हणत असतील, शेजारी म्हणत असतील, पण ज्या तीन माणसांत ती वाढली त्यांनी तिचं नाव कधी घेतलंच नव्हतं.

मी हे सगळं अडखळत सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, आजपासून घरात सगळ्यांनी एकच नाव घ्यायचं, नीला. पुढे म्हणाल्या, पण आई, प्रश्न नुसत्या नावाचा नाही. ती बोट दाखवत नाही, आपल्याकडे बघून हसत नाही, हवं असलेलं माणसाला दाखवत नाही. त्याच्यावर काम करायचं आहे, लवकर सुरू केलेलं बरं. त्यांनी हे नीट, सावकाश सांगितलं. मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं.

घरी सण झाला. मामंजींनी मांडीवर थाप मारली. "बघ की. पोरीला नावच ठावं न्हाय, तर ती वळंल कशी? आपलीच चूक. कायबी झालं न्हाय तिला." शिवानंद हसला, फार दिवसांनी हसला, आणि लेकीला उचलून छताकडे उडवलं. त्या रात्री जेवणं लवकर झाली आणि सगळे लवकर झोपले. आता सेंटरला कशाला जायचं, आठ दिवसांत पोर नाव शिकते, असं ठरलं. मी हो म्हटलं. मलाही ते हवंच होतं. पण भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की मला आधीपेक्षा जास्त भीती वाटते आहे. आतापर्यंत गमावण्यासारखं काही हातात नव्हतं. आता होतं.

त्या शनिवारी मी कॉलेजातून लवकर आले. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आतून मामंजींचा आवाज येत होता. मी चप्पल हातात घेऊन उंबऱ्याबाहेर थांबले. ते नीलासमोर फरशीवर मांडी घालून बसले होते. भिंतीवर सासूबाईंचा हार घातलेला फोटो आहे. त्याच्याकडे ते पाठ करून बसले होते. नीला ताटली उभी धरून गरगर फिरवत होती.

"नीला," ते म्हणाले.

त्यांनी पुन्हा म्हटलं. मग जरा मोठ्याने. मग अर्धं कानडीत, नीला, बा इकडं बा, म्हणजे ये इकडं ये. मग खिशातून गुळाचा खडा काढून तो पुढे धरून. मग हळू, अगदी हळू, बायकोला त्यांनी कधी म्हटलं नसेल अशा आवाजात, शेवटचा 'ला' जरा लांबवून. ताटली पडायची, नीला ती उचलायची आणि पुन्हा फिरवायची. त्यांचे कान अधू, म्हणून ते मोठ्याने बोलतात असं आम्ही म्हणायचो. त्या दुपारी ते किती हळू बोलू शकतात हे मला कळलं. संसारात ज्या बाईचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं, ते नाव ते एका जागी बसून पुन्हा पुन्हा घेत होते, आणि त्या नावाने कुणी वळत नव्हतं. मला आत जाता येईना आणि निघूनही जाता येईना.

शेवटी त्यांनी गुळाचा खडा पुन्हा खिशात टाकला. मग मला पाहिलं, आणि डोळे न पुसताच विचारलं, "सेंटरला सोमवारी किती वाजता जायाचं?"

मग काम सुरू झालं, आणि ते बघायला गेलं तर अगदी साधं होतं. तिच्या उंचीला बसा. ती जे बघते त्याचं नाव घ्या. ती ताटली फिरवते तर तुम्हीही ताटली फिरवा. एक शब्द बोला आणि थांबा, तिला वेळ द्या. आमच्या घरात थांबायची सवय कुणालाच नाही. तिघे एकदम बोलणार आणि चौथा टीव्ही. ते थांबणं मला सगळ्यात जड गेलं. शब्द टाकायचा आणि त्या गप्प चेहऱ्याकडे बघत राहायचं, आणि तेवढ्या वेळात डोक्यात काय काय येऊन जायचं! ही शाळेत जाईल का. हिला कुणी काही केलं तर ही सांगू शकेल का. आम्ही गेल्यावर हिच्या ताटात कोण वाढेल. शिवानंद म्हणायचा, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तू इतका पुढचा विचार करू नकोस. पण झोपेत तो लेकीच्या फ्रॉकचा काठ मुठीत धरून झोपायचा, ते मी पाहिलेलं आहे.

मॅडमना आम्ही विचारायचो, हिला नक्की काय झालंय. त्या म्हणायच्या, आत्ताच शिक्का मारायची घाई नको, कामाला लागू. नीला हळूहळू माणसाचा हात धरून हव्या त्या वस्तूकडे न्यायला लागली. एकदा तिने माझ्याकडे बघून चेंडू ढकलला. आणि उन्हाळा लागता लागता मॅडमच्या कंत्राटाची मुदत संपली. नवीन माणूस येईल असं सांगण्यात आलं. खोलीला कुलूप लागलं. मी त्या कुलपापुढे उभी राहिले तेव्हा मला जी भीती वाटली ती आगटीपाशी वाटलेल्या भीतीच्या तोडीची होती. चालता चालता कुणीतरी हात सोडून दिला होता. रेहानाने पदर खोचला, बाकाखालची धूळ झटकली, चटई अंथरली आणि मला म्हणाली, बैठ. कुलपाबाहेर, त्या व्हरांड्यात, आम्हाला जे जे शिकवलं होतं ते आम्ही एकमेकींच्या मुलांबरोबर करत राहिलो. चुकतही असू. पावसाळ्यात नवीन सर आले तेव्हा त्यांना आधी आमची चटई ओलांडून आत जावं लागलं.

आता नीला बोलते. लोकांना एवढं सांगितलं की ते म्हणतात, बघा, सांगितलं होतं ना मामाचं? पण ती बोलते ते दुसऱ्यांचं असतं. बसच्या कंडक्टरचं 'पुढे सरका', भाजीवालीची आरोळी, टीव्हीवरची साबणाची जाहिरात. सकाळी ऐकलेलं संध्याकाळी जसंच्या तसं, त्याच सुरात बाहेर येतं. सर म्हणतात, हीसुद्धा पायरी आहे, आधी प्रतिध्वनी, मग भाषा. तहान लागली की ती माझ्या आवाजात मलाच विचारते, "पाणी हवं का?" मी ग्लास देते. नावाला ती कधी वळते, बहुतेक वेळा वळत नाही. मी दिवसातून मोजक्याच हाका मारते, कारण प्रत्येक हाकेनंतरची शांतता मला सहन करावी लागते. ती तीन वर्षांत सोपी झालेली नाही.

आणि रविवारी आम्ही वळसंगला गेलो. मी नाहीच म्हणत होते. मामंजी एवढंच म्हणाले, "किती वरसं कोंडून ठिवनार पोरीला? ज्वारी काय तिला खानार हाय का?"

खाणारच की काय, असं मला तिथे पोचल्यावर वाटलं. यंदा ज्वारी चांगली आली होती, माणसाच्या डोक्यावरून जाणारी, आणि तिच्या पलीकडे विहीर होती. कठडा नसलेली. मी नीलाचा हात सोडला नव्हता. धुरात बसले, हसले, लोकांशी बोलले, पण हात सोडला नव्हता. मग महादेवीताईंनी आगटीतून काढलेलं कणीस माझ्यापुढे धरलं. "घ्या वैनी, गार झाल्यावर काय चव?" हुरडा एका हाताने चोळता येत नाही. मी दोन्ही तळहात पुढे केले. तेवढाच वेळ. खाली पाहिलं तर शेजारची जागा रिकामी होती आणि ज्वारीची कडेची धाटं हलत होती.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. शिवानंद विहिरीकडे धावला, त्याची चप्पल मागे राहिली. महादेवीताई बांधावरून ओरडत होत्या. मामंजी, त्यांचे जावई, शेजारच्या शेतातली माणसं, सगळे चारी बाजूंनी हाका मारत होते, नीला, नीला, नीला. मी ज्वारीच्या कडेला उभी होते. कुठून शिरायचं? ती उत्तर देणार नव्हती. हल्ली गोंगाटात करते तशी एवढ्या आवाजात ती कानांवर हात ठेवून आणखी आत जाणार होती, आणि आत संपल्यावर विहीर होती. मी ओरडले, सासऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर, कधी ओरडले नव्हते तशी.

"गप्प बसा सगळे."

सगळे गप्प झाले. वाऱ्याने पानांवर पानं घासत होती, तेवढाच आवाज. मी थांबले. तसं थांबणं मला कधीच जमलं नव्हतं. मग आतून, उजवीकडून, फार लांबून नाही, एक बारीक आवाज आला.

"नीलाऽ. ए नीला."

मामंजींचा सूर, शेवटचा 'ला' लांबवलेला. ती स्वतःलाच हाक मारत होती. हरवलेली आपण आहोत हे तिला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. पण हाक आली होती, आणि आलेल्या हाकेला काय करायचं असतं ते मला ठाऊक होतं.

"ओ," मी म्हटलं, आणि आत शिरले.

पानं तोंडावर आपटत होती. "नीला," आतून आवाज आला. मी ओ दिली. पुन्हा आला, पुन्हा दिली. तसं करत करत मी पोचले. दोन ओळींच्या मधल्या जागेत, भेगाळलेल्या काळ्या मातीत ती बसली होती आणि भेगेत बोट घालून बघत होती. विहीर तिथून दिसत होती. मी तिच्याजवळ मटकन बसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पण सरकून माझ्या गुडघ्याला टेकली.

बाहेर अजून कुणाला काही कळलं नव्हतं. माझा आवाज जाऊन शांतता झाली तशी मामंजींना राहवलं नसावं. त्यांनी धीर करून, रडक्या आवाजात, पुन्हा एकदा हाक मारली. "नीला!"

मी ओरडून सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच माझ्या गुडघ्यापाशी, मातीत बोट घालून बसलेली माझी लेक, वर न बघता, माझ्याच सुरात म्हणाली, "ओ."